तुरीच्या डाळीएवढी जखम

मे महिन्यातली यवतमाळची दुपार डोळ्यांसमोर आणा. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, घरातली माणसं कूलरपुढे आडवी, आणि त्याच गारव्याच्या पट्ट्यात सरकवून ठेवलेल्या पिंजऱ्यात दोन गिनीपिग. दोघेही नर. दुकानातून ‘जोडी’ म्हणून आणलेले, इतके दिवस एकमेकांच्या अंगावर रेलून झोपणारे. अचानक दात कडकडल्याचा आवाज येतो, पिंजऱ्यात केसांचा एकच गोळा गरगर फिरतो आणि दोन क्षणांत सगळं शांत. एकाच्या पुठ्ठ्यावर तुरीच्या डाळीएवढं रक्त. मग घरात धावपळ. कोणी हळद आणतं, कोणी जंतुनाशकाची बाटली, आणि कोणी फ्रिजवरच्या डब्यातून मागच्या दुखण्यात उरलेली अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल.

या तिघांपैकी कॅप्सूलवाल्याला आधी थांबवा. कारण पुढे सांगतो, पण थांबवा मात्र आत्ताच.

गिनीपिगची भांडणं डोळ्यांआधी कानांना कळतात. घुरघुरत, कंबर डोलवत एक जण दुसऱ्याभोवती फिरतो, त्याच्या पाठीवर चढू पाहतो, हनुवटी त्याच्यापेक्षा उंच धरतो, थोडं पळवतो. हे भांडण नव्हे. कोण थोरला आणि कोण धाकटा याची ती वाटाघाट असते, आणि ती होऊ द्यावी लागते. दर वेळी मध्ये पडणारा मालक ही वाटाघाट अर्धवट ठेवतो, म्हणून ती उद्या पुन्हा सुरू होते. दात कडकडा वाजू लागले, मानेवरचे केस फुलले, पुढचे दात दिसतील अशी रुंद जांभई आली आणि दोघे तोंडासमोर तोंड आणून ताठ उभे राहिले, तर मात्र प्रकरण हातघाईवर आलं समजायचं. अशा वेळी आपला हात मध्ये घालू नका. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि छिन्नीसारखे धारदार असतात. मध्ये पुठ्ठा सरकवा, सूप आडवं धरा, नाही तर जाड टॉवेल टाकून एकाला गुंडाळून उचला.

पण कालपर्यंत गळ्यात गळे घालणारे आज एकमेकांवर का उठले? बरेचदा उत्तर वयात असतं. नर दोन-तीन महिन्यांचा झाला की वयात येतो. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मोठ्या कळपात, थोरल्या नरांच्या धाकात वाढलेला तरुण नर नमतं घ्यायला शिकतो. तो पुढे अनोळखी नरांमध्येही फारशी मारामारी न करता सामावून जातो. एकटा किंवा फक्त एका मादीबरोबर वाढलेला नर अनोळखी नरासमोर आला की भिडतो, आणि रक्तातलं ताणाचं संप्रेरक वाढतं. थोडक्यात, मोठ्या घरात काका-मामांच्या ओरडण्यात वाढलेलं पोर आणि एकुलतं एक लाडावलेलं पोर, असा हा फरक. (एकुलत्या एकांनी राग मानू नये, हे गिनीपिगबद्दल चाललं आहे.)

दुसरं कारण जागेचं, आणि आपल्याकडे ते उन्हाळ्यात पेटतं. या प्राण्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. त्याला माणसासारखा घाम येत नाही, आणि पारा तिशीकडे गेला की तो कासावीस होऊ लागतो. दोन फुटी पिंजऱ्यात गारवा एकाच कोपऱ्यात येत असेल, तर त्या कोपऱ्यासाठी हाणामारी होणारच. दोघांना किमान आठ चौरस फूट मोकळी जागा लागते, दोन नरांना त्याहून जास्त. पाण्याच्या बाटल्या दोन ठेवा, गवताचे ढीग दोन करा, लपायची खोपटी दोन द्या. प्रत्येक खोपट्याला दारंही दोन हवीत, म्हणजे कोणी आत कोंडला जाणार नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा घट पिंजऱ्याच्या दोन टोकांना ठेवला तर गारवाही वाटला जातो.

आता ती डाळीएवढी जखम. गिनीपिगचा चावा बाहेरून लहान आणि आत खोल असतो. आधी कात्रीनं सांभाळून भोवतालचे केस कापा. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात सपाट चमचाभर मीठ घाला, निवू द्या, आणि त्या पाण्यानं जखम धुवा. पोव्हिडोन आयोडीन असेल तर फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करूनच लावा. घरातली तीव्र जंतुनाशकं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नकोत, त्यांनी नव्या पेशीही जळतात. हळदीची पूडही नको, ती जखमेत खपली होऊन बसते आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही. पट्टी बांधून उपयोग नाही, तो ती कुरतडतो. खाली पांढरं सुती कापड अंथरा, म्हणजे रक्ताचा ठिपका लगेच दिसेल. आपला जिल्हा कापसाचा असला तरी सुटा कापूस मात्र अंथरू नका. त्याचे तंतू पायाला गुंडाळतात आणि खाल्ले तर पोटात अडकतात.

वरची कातडी लवकर मिटते आणि आत पू साचतो, हा खरा धोका. चार-सहा दिवसांनी हाताला गाठ लागते. आतला पू लोण्यासारखा घट्ट असतो, त्यामुळे ती दाबून फोडायच्या भानगडीत पडायचं नाही, डॉक्टरांकडेच जायचं. पावसाळ्यात तर माश्या ओल्या जखमेवर अंडी घालतात आणि दिवसाच्या आत अळ्या पडतात. आषाढ-श्रावणात जखम दिवसातून दोनदा पाहावीच लागते.

जखम भरून येणं ही गिनीपिगच्या बाबतीत मोठी गमतीची गोष्ट आहे, कारण त्याबद्दल आपल्याला जे कळलं त्यातलं पुष्कळसं त्याच्याच जिवावर कळलं. १९०७ साली नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख हे दोघे खलाशांच्या बेरीबेरी रोगाचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं. बेरीबेरी झालाच नाही. हिरड्या सुजल्या, रक्त आलं, म्हणजे स्कर्व्ही झाला. कुत्रा, गाय, उंदीर आपलं क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ते जमत नाही आणि गिनीपिगलाही नाही. दोघांच्याही शरीरात त्या साखळीतलं शेवटचं विकर नाही. पुढे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी वेगळा केलेला पदार्थ म्हणजेच क जीवनसत्त्व, याचा पुरावाही गिनीपिगवरच्याच प्रयोगांतून मिळाला. सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ चं नोबेल मिळालं.

जखमेशी याचा संबंध थेट आहे. नवी कातडी विणली जाते ती कोलॅजनच्या धाग्यांनी, आणि त्या धाग्यांना पीळ बसायला क जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की धागा कच्चा राहतो आणि जखम रेंगाळते. किलोभर वजनाच्या गिनीपिगला रोज १० ते ३० मिलिग्रॅम पुरतं. ढोबळ्या मिरचीच्या दोन-तीन फोडी आणि मूठभर कोथिंबीर यात ते भागतं. पेरूची फोड अधूनमधून चालेल, पण त्यात साखर असते. पाण्यात थेंब घालायची औषधं मिळतात, मात्र उजेडात आणि आपल्या उन्हाळ्यात त्यांचा जोर लवकर उतरतो. गवत कुठून आणता तेही पाहा. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारलेल्या कपाशीच्या बांधावरचं गवत किलोभराच्या प्राण्याला काय करील, ते सांगायला नको.

आता कॅप्सूल, म्हणजे पेनिसिलिनच्याच घराण्यातलं औषध. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांनी आठ उंदरांना जीवघेण्या जंतूंची लागण केली आणि चौघांना पेनिसिलिन दिलं. ते चौघे वाचले, उरलेले मेले. फ्लोरी यांनी त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते, तर औषधाची कथा कदाचित तिथेच संपली असती. पेनिसिलिन गिनीपिगला मारतं, हे १९४३ मध्ये लक्षात आलं. त्याच्या मोठ्या अंधांत्रात (सीकममध्ये) गवत पचवणाऱ्या जंतूंची वस्ती असते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन किंवा क्लिंडामायसिन पोटात गेलं की ती वस्ती उजाड होते, रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडियमचे विषारी जंतू माजतात, आणि काही दिवसांत प्राणी जुलाबानं जातो. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीत सरकारनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी केली ती पेनिसिलिनसाठी. त्यानं आपल्याकडे किती जीव वाचवले असतील, पण हा जीव त्यात बसत नाही. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा त्याला सहसा मानवतात. मात्रा मात्र वजनावर मोजून डॉक्टरांनीच ठरवायची. गावातल्या पशुवैद्यकांचा दिवस बैल-शेळ्यांत जातो, त्यामुळे ‘पोटातून पेनिसिलिन नको’ हे आपण होऊन बोलायला संकोच करू नका. गुंतागुंतीचं असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. फक्त दीडशे किलोमीटरचा रस्ता दुपारच्या उन्हात गाठू नका, पहाटे निघा.

जखमीला वेगळं ठेवायचं, पण एकटं नाही. पिंजऱ्याच्या मध्ये जाळी लावा. वास आणि आवाज पोचत राहू द्या, नाही तर दहा दिवसांनी ते एकमेकांना परके होतात. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घ्या. त्याने बारा तास काहीच खाल्लं नाही, तर जखमेपेक्षा ती बाब गंभीर माना. त्याचं आतडं थांबलं की ते पुन्हा चालू करणं अवघड जातं.

‘मग एक मादीच आणू’ हा सल्ला हमखास मिळतो. मादी महिना-दीड महिन्याची झाली की वयात येते, सुमारे अडुसष्ट दिवसांत विते, आणि व्याल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. दोन नरांमध्ये मादी सोडणं म्हणजे भांडणात तेल ओतणं, वर पिल्लांचा संसार.

जखम सुकली की दोघांना त्यांच्या पिंजऱ्यात नव्हे, कोणाचाच वास नसलेल्या जागी आणा. धुतलेली फरशी, मध्ये गवताचा भला मोठा ढीग, आणि तास-दोन तास पुठ्ठा हाताशी घेऊन बसायची तयारी. घुरघुर होईल, पाठलाग होईल, होऊ द्या. शेजारी शेजारी खायला लागले की निम्मं काम झालं. काही जोड्या मात्र कितीही वेळा बसवलं तरी जुळत नाहीत. त्या जाळीच्या दोन बाजूंना राहतात, एकाच ढिगातलं गवत आपापल्या बाजूनं ओढतात आणि दुपारी कूलर सुरू झाला की जाळीला पाठ लावून झोपतात.