शाळा घरी आली तेव्हा

माझा मुलगा यंदा सहावीत आहे. गणितात त्याला गती आहे, गोष्टी ऐकायला आवडतात; पण मोठ्याने वाचायला सांगितलं की जोडाक्षराशी अडखळतो आणि ओळीचा शेवट अंदाजाने पुरा करतो. गेल्या पालकसभेत त्याच्या बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "ही सगळी तुकडीच अशी आहे हो. करोनाची पहिली."

करोनाची पहिली, म्हणजे ज्यांची पहिली इयत्ता जून 2020मध्ये सुरू झाली ती मुलं. हे शब्द डोक्यातून जाईनात. त्या दोन वर्षांत मी एक वही ठेवली होती. तिच्यात किराणा, औषधं आणि मुलांचा अभ्यास एकत्रच लिहिलेला आहे. ती वही काढली, शासनाचे तेव्हाचे निर्णय आणि नंतरची सर्वेक्षणं तिच्याशेजारी ठेवली. त्या काळात घराने शाळा चालवली म्हणजे नेमकं काय केलं, आणि काय त्याला जमणारच नव्हतं, हे मला समजून घ्यायचं होतं.

आधी तारखा

मार्च 2020च्या मध्यावर राज्यातल्या शाळा बंद झाल्या. तेव्हा मुदत 31 मार्चपर्यंतची होती. 22 मार्चला जनता कर्फ्यू आणि 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी. दहावीचा भूगोलाचा पेपर 23 मार्चला व्हायचा होता. तो आधी लांबला, मग रद्दच झाला. पहिली ते आठवीची मुलं परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. नवं शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू झालं, पण वर्ग उघडले नाहीत. अभ्यासक्रम पंचवीस टक्क्यांनी कमी केला गेला.

पुढे ग्रामीण भागात काही वर्ग मधूनमधून उघडले, मुंबईत मात्र लहान मुलांची शाळा बंदच राहिली. 4 ऑक्टोबर 2021ला शहरांत आठवी ते बारावी आणि खेड्यांत पाचवी ते बारावी सुरू झाली. मुंबईतल्या पहिली ते सातवीच्या मुलांना 15 डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं. तीन आठवडे होतात न होतात तोच ओमायक्रॉनमुळे जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या आणि 24 तारखेला उघडल्या.

याचा अर्थ असा की जून 2020मध्ये पहिलीत दाखल झालेला माझा मुलगा वर्गात प्रथम बसला तो दुसरीचं निम्मं वर्ष सरल्यावर. पहिल्या दिवशी त्याने पहिल्याच तासाला डबा खाऊन टाकला. भूक लागली की खायचं, हा घरचा नियम. शाळेला वेगळा नियम असतो, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मीही नाही. हा काही अभ्यासाचा भाग आहे, असं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

एकत्र म्हणायचे पाढे

मोबाइलवरचा वर्ग आणि खरा वर्ग यांत फरक कुठे पडला, असं विचारलं की लोक नेटवर्कचं नाव घेतात. आमच्याकडे नेटवर्क बरं होतं. तरीही मुलगा वाचायला शिकेना.

आपल्याकडे लहान मुलं पहिल्यांदा शिकतात ती कोरसमध्ये. बाई म्हणतात, मागून चाळीस मुलं म्हणतात. ज्याला येत नाही तो शेजाऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळतो, दोन दिवस नुसते ओठ हलवतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला येऊ लागतं. चुकणाऱ्याला त्या आवाजात आसरा असतो. व्हिडिओ कॉलवर हे होऊ शकत नाही. प्रत्येकाचा आवाज थोड्याफार उशिराने पोहोचतो, आणि तो उशीर प्रत्येकाचा वेगळा. चाळीस जण एकदम 'बे एके बे' म्हणू लागले की नुसता गोंगाट उरतो. म्हणून बाईंनी सगळ्यांना म्यूट केलं. त्यांचा काही दोष नव्हता. दुसरा इलाजच नव्हता. मग माझा मुलगा बंद माइकसमोर एकटाच पाढे म्हणू लागला. तो बरोबर म्हणतो की चूक, हे बाईंना कळत नव्हतं. आणि आपल्याला कुणी ऐकत नाही, हे त्याला आठवड्याभरात कळलं.

वाचनाचंही तसंच. देवनागरी तशी सरळ लिपी. अक्षर ओळखलं की उच्चार कळतो. पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, रफार वर दिसतो पण बोलायचा आधी, 'क्ष' आणि 'ज्ञ' यांत मूळ अक्षरं सापडतच नाहीत. या जागा मुलाला एकट्याने उलगडत नाहीत. त्याचं बोट ओळीवर हवं आणि मोठ्या माणसाचा कान त्याच्या तोंडाशी हवा. चूक झाली की त्याच क्षणी दुरुस्त व्हायला हवी. घरी दुरुस्ती व्हायची संध्याकाळी, माझं कार्यालयाचं काम उरकल्यावर. तोवर तोच शब्द चुकीचा दहा वेळा म्हणून झालेला असे.

फोन कुणाचा?

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी भांडुपला राहतात. मार्चपासून सोसायटीने घरकामाच्या बायकांना आत येऊ देणं बंद केलं, ते कित्येक महिने. त्यांची मुलगी तेव्हा पाचवीत होती. घरात स्मार्टफोन एकच, तो नवऱ्याकडे. ते टेम्पो चालवत. ते सकाळी फोन घेऊन जात आणि रात्री नऊ-साडेनऊला येत. शाळेने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला दिवसभराचा अभ्यास मुलगी त्यानंतर उघडायची. "ताई, पोरगी पेंगते आणि बाप जेवायला बसतो. मी काय सांगू तिला? मला तर वाचता येत नाही," मावशी मला फोनवर म्हणाल्या होत्या. वहीत त्या दिवसाखाली फक्त एवढंच लिहिलं आहे: 'मावशींना पैसे पाठवणे.'

ही गोष्ट एका घरापुरती नव्हती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची 2017-18ची पाहणी सांगते की देशात 23.8 टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, खेड्यांत 14.9 टक्के. संगणक तर ग्रामीण भागात शंभरातल्या पाच घरांतही नव्हता. पुढच्या दोन वर्षांत फोन झपाट्याने वाढले. 'असर'ने सप्टेंबर 2020मध्ये ग्रामीण कुटुंबांशी फोनवरून बोलून केलेल्या पाहणीत, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी 61.8 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. 2018मध्ये हेच प्रमाण 36.5 होतं. पण आदल्या आठवड्यात शाळेकडून अभ्यासाचं काही मिळालं का, या प्रश्नाला 'हो' म्हणणारी मुलं साधारण एक तृतीयांशच निघाली. घरात फोन आहे म्हणजे तो मुलाच्या हाती आहे, आणि हाती आहे म्हणजे शिकणं चालू आहे, ही दोन्ही गृहीतकं चुकीची होती.

कोकणात तर फोन असून उपयोग नव्हता. माझी धाकटी नणंद दापोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ आलं, खांब आडवे झाले, कित्येक गावांत काही आठवडे वीज नव्हती. ती म्हणाली, "वहिनी, इथे मोबाइल चार्ज करायला लोक तालुक्याला जातात, आणि मी ऑनलाइन तासांची माहिती भरतेय." तिने पावसाळ्यात वाडीवाडीवर जाऊन पडवीत पाच-सहा मुलं बसवली. वह्या गोळा करायच्या, तपासून पुढच्या फेरीत परत द्यायच्या. सोलापूरच्या नीलमनगर या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत तर घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले गेले. सह्याद्री वाहिनीवर जुलै 2020पासून 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. तिला इंटरनेट लागत नव्हतं. हे सगळे उपाय फोनवरच्या तासापेक्षा साधे होते, आणि ज्यांच्या दारी पोहोचले त्यांना उपयोगी पडले.

पालक नावाचा मास्तर

'असर'च्या त्याच पाहणीतला एक आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जवळपास तीन चतुर्थांश मुलांना अभ्यासात घरच्या कुणाची तरी मदत मिळत होती. पण आई-वडील दोघेही नववी किंवा त्यापुढे शिकलेले असतील, तर मदत मिळणाऱ्या मुलांचं प्रमाण 89.4 टक्के, दोघेही पाचवी किंवा त्याहून कमी शिकलेले असतील तर 54.8 टक्के. शाळा चालू असते तेव्हा मावशींची मुलगी आणि माझा मुलगा यांना निदान दिवसाचे पाच तास सारख्याच शिकलेल्या शिक्षकाचे मिळतात. शाळा घरी आली तेव्हा ते पाच तासही ज्याच्या त्याच्या घराच्या हवाली झाले. घरचा अभ्यास म्हणून जे मोजलं जात होतं, ते मुलाचं नव्हे, घराचं शिक्षण होतं.

पण शिकलेल्या आईनेही फार मोठा पराक्रम केला, असं नाही. ऑगस्ट 2020च्या एका पानावर लिहिलं आहे: 'आज मारलं.' 'प्रकाश' हा शब्द तो सातव्यांदा 'परकाश' वाचत होता. माझी मीटिंग चालू होती, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, त्याचे बाबा आतल्या खोलीत त्यांच्या कॉलवर. माझा हात उठला. तो रडला नाही. पुस्तक मिटून माझ्याकडे पाहत राहिला. त्यानंतर बरेच दिवस तो माझ्यासमोर वाचायला बसला की आधी माझा चेहरा वाचायचा.

शिक्षक आणि आई यांत ज्ञानाचा फरक असतो, असं मला वाटत होतं. खरा फरक अंतराचा आहे. बाईंना चाळीस मुलांनी रोज चुकलेलं ऐकायची सवय असते. ती चूक त्यांना अपमान वाटत नाही. मला ती माझी वाटली. शिवाय मुलाला बाईंचा राग आला तर घर असतं. आईच बाई झाल्यावर त्याने जायचं कुठे?

जे दिसत नव्हतं

शाळा बंद झाल्यावर शाळा काय काय करत होती, ते एकेक करून दिसू लागलं. मध्यान्ह भोजन हे त्यातलं सर्वांत ठळक. शाळा बंद असताना शिजवलेल्या जेवणाऐवजी तांदूळ आणि डाळी-कडधान्यं पालकांच्या हाती देण्यात आली. ते हवंच होतं. पण ताटात वाढलेलं जेवण त्या मुलाचंच असतं, पिशवीतला शिधा सगळ्या घराचा. शाळा मुलाला वेळ देते, सवंगडी देते, घराबाहेरचं एक माणूस देते, ज्याला घरात काही बिनसलं तर मुलाच्या चेहऱ्यावरून कळतं. आणि ती आईलाही काही तास देते. टाळेबंदीत ते तास गेले.

माझी मुलगी त्या वर्षी दहावीत होती. 2021ची परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालाचे 50, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20 अशा गुणांवर निकाल लागला. राज्याचा निकाल 99.95 टक्के. पेढे आम्ही आणले, पण ते वाटायला बाहेर जायची तिची इच्छा नव्हती. आता ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अजूनही कुणी दहावीचे गुण विचारले की म्हणते, "माझी दहावी झालीच नाही."

भरून निघालं का?

जुलै 2021मध्ये राज्यात 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. मागचं भरून काढायचं, हा हेतू. पण तेव्हाही बहुतेक वर्ग बंदच होते. 2022च्या 'असर' पाहणीने घसरण मोजली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता, त्यांचं प्रमाण 2018मध्ये 42.1 टक्के होतं, 2022मध्ये 26.6. ती पाहणी झाली तेव्हा माझा मुलगा तिसरीतच होता.

2024च्या पाहणीत देशपातळीवर तिसरीचा आकडा पुन्हा 27 टक्क्यांवर, म्हणजे 2018च्या जागी आला. 'नुकसान भरून निघालं' अशी बातमी झाली. पण ही तिसरी वेगळ्या मुलांची आहे. ती 2022मध्ये, उघड्या शाळेत पहिलीला बसली. करोनाची पहिली तोवर पाचवीत गेली होती. देशातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी 2018मध्ये 50.5 टक्के होती, 2024मध्ये सुमारे 49. म्हणजे ही मुलंही बरीचशी सावरली. त्यांच्या शिक्षकांना त्याचं श्रेय द्यायला हवं. मात्र त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की करोनाच्या आधीही पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नव्हता. आपण जिथे परत आलो, ती जागा काही फार चांगली नव्हती.

पालकसभेत बाईंनी मला एक उपाय सांगितला. रोज दहा मिनिटं त्याने मोठ्याने वाचायचं, मी फक्त ऐकायचं, आणि चुकलं तर ओळ संपेपर्यंत बोलायचं नाही. मावशींची मुलगी आता दहावीत आहे. शनिवारी ती आमच्याकडे इंग्रजीला येते. दोघं एकाच टेबलावर बसतात. परवा माझा मुलगा मोठ्याने वाचताना 'दुर्लक्ष'ला अडला. मी गप्प राहिले. तिने पुस्तकातून मान वर न काढता शब्द हळूच म्हटला, तो तिच्या मागून म्हणाला, आणि पुढची ओळ वाचू लागला.