ड्रेसिंगचा दिवस

पहाटे पाच

लेक उठायच्या आत गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी चढवते. ते उकळून निवेपर्यंत तयारी करून घेते. सिलिकॉनची जाळी गुडघ्याच्या, घोट्याच्या मापाने कापायची, व्हॅसलीनचं गॉज आणि मऊ रोलर बँडेज हाताशी ठेवायचं. चिकटपट्टी आमच्या घरात येतच नाही, ती काढताना कातडीही निघते.

लेकीला डिस्ट्रॉफिक एपिडर्मोलायसिस बुलोसा आहे, दवाखान्यात सगळे ईबी म्हणतात. त्वचेचा वरचा थर खालच्या थराला धरून ठेवणारे सूक्ष्म धागे कोलॅजन ७ या प्रथिनाचे असतात. तिच्या अंगात ते नीट तयार होत नाही, त्यामुळे नुसतं घासलं गेलं तरी फोड येतो. जनुकातला दोष तिला आम्हा दोघांकडून मिळाला, आम्हाला स्वतःला मात्र कसलाच त्रास नाही.

सहा ते साडेआठ

डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक आधी, मग अर्ध्या तासाने टब. साधं पाणी उघड्या जखमेला झोंबतं, म्हणून लिटरला ९ ग्रॅम मीठ मोजून घालते. रात्री पाझरलेल्या जखमांना चिकटलेलं गॉज पाण्यात भिजून आपोआप सुटतं. ओढायचं नाही, कितीही उशीर झाला तरी.

मग नवे फोड. राहू दिला तर आतल्या पाण्याच्या दाबाने फोड पसरत जातो. निर्जंतुक सुईने त्याला खालच्या कडेला टोचायचं, पाणी गॉजने हलके टिपायचं आणि वरची कातडी तशीच राहू द्यायची, खालच्या जखमेवर तिच्यासारखं दुसरं पांघरूण नाही. शेवटी हात. प्रत्येक बोट वेगळं गुंडाळावं लागतं, नाहीतर जखमा भरताना बोटं एकमेकांना जुळतात. गुडघ्याची पट्टी ती स्वतः सोडवते. "आई, थांब," म्हणाली की माझा हात जिथल्या तिथे थांबतो. दुखणं तिचं आहे, तेव्हा वेगही तिनेच ठरवायचा.

नऊ

तोंडात आणि घशातही फोड येतात. मऊ वरणभात तुपासह, नाचणीची आंबील, केळं, सगळं निववून. जखमांतून प्रथिनं झिरपतात, रक्तही जातं, म्हणून तिला इतर मुलांपेक्षा जास्त पोषण लागतं आणि तिचंच खाणं सगळ्यांत सावकाश होतं.

अकरा ते चार

शाळा. फ्रॉक आणि मोजे उलटे घालते, शिवण बाहेर राहते. बाकावर गोधडीची घडी. बाईंनी वर्गाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं की हे कुणाला लागत नाही, आणि मुलांना तेवढं पुरलं. मोठ्यांना का पुरत नाही, कळत नाही. दृष्ट, देवीचा कोप, मागच्या जन्मीचं पाप, सगळं ऐकून झालंय.

संध्याकाळ

खाली खेळायला जाते. शेजारच्या काकू प्रेमाने काखेत हात घालून उचलायला धावल्या की माझ्या पोटात गोळा येतो. एक हात कुल्ल्यांखाली, दुसरा मानेमागे असं उचलायचं, आणि त्याआधी तिला विचारायचं.

रात्री दहा

खाज सुरू होते. पंखा, गार कापड, गोष्ट. ईबी मुळातून बरा करणारं औषध अजून नाही. अमेरिकेत मे २०२३ मध्ये वायजुवेक या जेलला मान्यता मिळाली. ते जखमेवर लावलं की कोलॅजन ७ चं जनुक थेट पेशींत पोहोचतं. त्याची किंमत आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नाही. तरीही अशी वाट निघाली, याचा मला फार आधार वाटतो.

नवजात बाळाच्या अंगावर फोड दिसले किंवा जरा घासल्यावर कातडी सुटली, तर अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू नका. त्वचारोगतज्ज्ञाला लगेच दाखवा, जनुकीय तपासणीबद्दल विचारा, आणि तोवर त्या अंगावर चिकटपट्टी कुणालाही लावू देऊ नका.