कोठडीच्या दाराआडचा पुरावा

कोंढा-पवनी भागातील वाचकांस वडसा-देसाईगंज हे गाव परके नाही. त्याच गावच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार दोघा पोलिसांविरुद्ध नोंदविली गेली. जबानीसाठी आलेल्या तिच्या नातलगांना बाहेर पाठवून तिला आत थांबविण्यात आले होते. दिवे मालवलेले होते व दार आतून बंद होते. १९७४ मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा संमती असलीच पाहिजे, असा त्या निकालाचा रोख होता.

उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार या चार विधिप्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर आंदोलन उभे राहिले. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. बंद दाराआड जे घडते त्याचा पुरावा पीडिताने कोठून आणावा, हा देसाईगंजने विचारलेला प्रश्न कायद्याने निदान एका गुन्ह्यापुरता मान्य केला.

परंतु कोठडीतील मारहाणीचे काय? तेथे साक्षीदार पोलीस, नोंदवही पोलिसांची आणि प्राथमिक तपासही बहुधा पोलिसांचाच. कोठडीत असताना इजा झाली तर ती पोलिसांनीच केली असे न्यायालयास गृहीत धरता यावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ मध्ये केली व २०१७ मध्ये पुन्हा केली. २०२३ मध्ये साक्षीचा कायदा नव्याने लिहिला गेला, तरीही ही शिफारस त्यात आली नाही. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्यास अंतिम मान्यता मात्र दिलेली नाही.

या क्रौर्याचे खापर केवळ काही दुष्ट माणसांच्या माथी फोडून भागणार नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२ पासूनचे तत्त्व होय. मात्र त्या कबुलीतून चोरीचा माल किंवा हत्यार हाती लागले, तर तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. शास्त्रीय तपासाची साधने तोकडी, बंदोबस्ताचा भार मोठा आणि गुन्हा लवकर उघडकीस आणण्याचा वरून तगादा; अशा वेळी मारहाण हा तपासाचा जवळचा रस्ता वाटू लागतो. त्यातच चोर पकडला की ‘चांगला चोप द्या’ असे आपणच म्हणतो. आज चोराच्या पाठीवर पडणारा पट्टा उद्या निरपराधाच्या पाठीवर पडणार नाही, याची हमी मात्र कोणापाशीच नसते.

उपाय अज्ञात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटकेचे नियम घालून दिले: अटकेचा पंचनामा, नातलगास सूचना आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. २००६ मध्ये तपास व बंदोबस्त वेगळे करण्याचा आणि स्वतंत्र तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश झाला, तर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचा. तथापि कॅमेरा बंद ठेवणारा हातही ठाण्यातलाच असतो. म्हणून चित्रण उपलब्ध नसल्यास त्याचा दोष ठाण्याच्या माथी यावा आणि विधी आयोगाची शिफारस कायद्यात उतरावी, हीच खरी मागणी असली पाहिजे.

तोवर नागरिकांच्या हाती एक अधिकार आहे. अटकेच्या पंचनाम्यावर कुटुंबीयाची अथवा त्या वस्तीतील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही कायद्याने आवश्यक आहे. खेड्यात ही प्रतिष्ठित व्यक्ती बहुधा शिक्षक किंवा कारकून असते. त्याने न वाचता सही केली, तर बंद दाराला आणखी एक कडी लागते. वेळ, तारीख व अंगावरील जखमा पाहून सही केली, तर दाराआडच्या अंधारात निदान एक पणती लागते.