घरीं मोटार चार्ज करण्याची सोय : तिला वेळ किती लागतो ?

विजेवर चालणारी मोटार घेण्याचा बेत एखाद्या घरांत ठरला, कीं पहिला प्रश्न किंमतीचा निघतो आणि दुसरा चार्जरचा. चार्जर घरीं बसवावयास किती वेळ लागतो, असें विक्रेत्यास विचारलें, तर "अर्धा दिवस" हें उत्तर मिळतें. तोच प्रश्न शेजारच्या इमारतींतील एखाद्या मोटारमालकास विचारला, तर तो "दोन महिने" असें सांगतो. दोघेही खरेंच बोलत असतात. पहिला भिंतीवर पेटी बसविण्याचा वेळ सांगतो; दुसरा अर्ज केल्यापासून घरीं प्रथम वीज भरेपर्यंतचा. या दोन उत्तरांमधील अंतर कशानें पडतें आणि त्यांतील किती कमी करतां येतें, हें आधीं समजून घेतलें म्हणजे बरीच दगदग वांचते.

प्रथम ती पेटी म्हणजे काय, तें पाहिलें पाहिजे. घराच्या तारांतून येणाऱ्या विजेची दिशा क्षणोक्षणीं पालटत असते. बॅटरींत मात्र एकाच दिशेनें वाहणारी वीज भरावी लागते. हें रूपांतर करणारें यंत्र मोटारीच्या पोटांतच असतें. भिंतीवरील पेटीकडे काम असतें तें द्वारपालाचें. मोटार नीट जोडली आहे काय, अर्थिंग शाबूत आहे काय, प्रवाह किती सोडावयाचा, हें मोटारीशीं ठरवून मगच ती वीज आंत जाऊं देते. असें असल्यामुळें तिची जोडणी अवघड नाहीं. मीटर जवळ असेल आणि तारा पुरेशा जाड असतील, तर कुशल वायरमन दोन ते चार तासांत पेटी बसवून, तपासणी करून मोकळा होतो. विक्रेत्याचा अर्धा दिवस तो हाच.

आतां पेटी केवढी हवी, हा प्रश्न येतो. आणि पुढील सर्व विलंब याच उत्तरावर अवलंबून असतो. घरांतील पंधरा अँपिअरच्या मोठ्या प्लगवरून सुमारें ३.३ किलोवॅट शक्ति मिळते. बत्तीस अँपिअरची भिंतीवरील पेटी सुमारें ७ किलोवॅट देते. ११ किलोवॅटच्या पेटीस थ्री-फेज जोडणी लागते. तीस युनिटांची रिकामी बॅटरी पहिल्या मार्गानें भरावयास दहा तासांच्या आसपास लागतात, दुसऱ्यानें पांच. आंकडे असे शेजारीं मांडले, कीं मोठी पेटी घेण्याचा मोह होतो. परंतु बॅटरी रोज संपूर्ण रिकामी होते कोठें ? कचेरींत जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर मोटार चालली, तर सहा-सात युनिटें खर्च होतात, आणि तीं लहान प्लगवरूनही दोन-अडीच तासांत परत भरतात. रात्र तर आठ तासांची असते. ज्या घराचा प्रवास एवढाच आहे, त्यानें मोठ्या पेटीचा आग्रह धरला, तर तो कित्येकदां केवळ विलंब विकत घेतो.

विलंबाचें पहिलें स्थान म्हणजे मंजूर भार. प्रत्येक वीजबिलावर हा आंकडा छापलेला असतो, पण तो वाचणारे थोडे. समजा, एका बिऱ्हाडाचा मंजूर भार ५ किलोवॅट आहे. गीझर २ किलोवॅट घेतो, वातानुकूलनाचें यंत्र दीड घेतें. त्यांत सात किलोवॅटची पेटी आली, कीं हिशेब तत्काळ कोलमडतो. अशा वेळीं भार वाढवून घेण्यासाठीं किंवा मोटारीकरितां निराळें मीटर मिळविण्यासाठीं अर्ज करावा लागतो. मग तो मुंबईंत बेस्ट, टाटा किंवा अदानी यांजकडे असो, कीं पुण्यांत महावितरणाकडे असो. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारून मोटारीसाठीं स्वतंत्र जोडणी मागण्याचा अधिकार स्पष्ट केला, आणि नवी जोडणी देण्याच्या मुदतीही घटविल्या. महानगरांत ती सातांवरून तीन दिवसांवर आली, इतर नगरपालिका-क्षेत्रांत पंधरांवरून सात दिवसांवर आणि ग्रामीण भागांत तीसांवरून पंधरा दिवसांवर. डोंगराळ ग्रामीण भागास मात्र तीस दिवसच ठेवले. परंतु ही मुदत सर्व कागदपत्रांनिशीं पूर्ण असलेला अर्ज पोंचल्यापासून मोजली जाते. रस्त्यावरील वाहिनी वाढवावी लागत असेल किंवा नवें उपकेंद्र उभारावें लागत असेल, तर ती लागू होत नाहीं. अर्जांतील एक उणीव आठवडा खाऊन जाते ती यामुळेंच.

दुसरें स्थान अधिक नाजूक आहे. बंगल्यांत मीटर आणि मोटार एकाच अंगणांत असतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेंत बिऱ्हाड पांचव्या मजल्यावर, मीटर तळमजल्याच्या खोलींत आणि मोटार इमारतीच्या पलीकडच्या टोकास. मधली भिंत, छत, जिना हें सर्व सामाईक. जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें घरच्या जोडणीवरून मोटार चार्ज करण्याची मुभा स्पष्ट केली खरी. तथापि सामाईक भिंतीवरून केबल न्यावयाची, तर शेजाऱ्यांचा विचार घ्यावाच लागतो. कार्यकारी समितीची बैठक बहुधा महिन्यांतून एकदां भरते. अर्ज बैठकीच्या दुसऱ्या दिवशीं पडला, तर एक महिना तेथेंच गेला. बैठकींत कोणी आगीची भीति बोलून दाखवितो, कोणी बिल कोणाच्या माथीं पडणार तें विचारतो. या शंकांना हसून चालत नाहीं. केबल कोणत्या मार्गानें जाईल याचा नकाशा, परवानाधारक कंत्राटदाराचें पत्र आणि वीज अर्जदाराच्याच मीटरवरून जाईल याची हमी, इतकें अर्जाबरोबर दिलें, तर पुष्कळ शंका उच्चारल्या जाण्यापूर्वींच मिटतात.

मात्र समितीच्या मनांतील एक प्रश्न खरोखर वजनदार असतो. आज एकास परवानगी दिली. उद्यां पन्नास जणांनीं मागितली तर? पन्नास पेट्या प्रत्येकीं सात किलोवॅटच्या धरल्या, तर साडेतीनशें किलोवॅट होतात. इमारतीकडे येणारी मूळ वाहिनी एवढ्या भारासाठीं आंखलेली नसते. पहिल्या चार-पांच जणांनीं शिल्लक शक्ति वांटून घेतली, तर उरलेल्यांच्या वाट्यास मोठा खर्च किंवा नकार येतो, आणि वर्षानुवर्षांच्या शेजारांत कायमची अढी बसते. यावर उपाय आहे. सर्व मोटारी एकाच क्षणीं पूर्ण प्रवाहानें भरण्याची गरज नसते. रात्रभरांत पाळीपाळीनें, उपलब्ध शक्ति वांटून देणारी यंत्रणा बसवितां येते. संस्थेनें एकदांच भाराची पाहणी करून केबलचा सामाईक मार्ग आंखून ठेवला, तर पहिल्या अर्जदारास थोडा अधिक वेळ लागेल; पण त्याच्या मागून येणाऱ्या प्रत्येकाचें काम खरोखर अर्ध्या दिवसाचें होईल.

वेळ कोठें वांचवावा हें जसें कळलें पाहिजे, तसें तो कोठें वांचवूं नये हेंही. गीझर पंधरा मिनिटें चालतो. मोटार सारी रात्र पूर्ण प्रवाह ओढीत राहते. तारेंत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला, कीं उष्णता चौपट होते. ज्या सैल सांध्यानें गीझरला वर्षानुवर्षें निभावून नेलें, तोच सांधा मोटारीखालीं तापून वितळूं शकतो. म्हणून मीटरपासून स्वतंत्र तांब्याची केबल, तिच्या जाडीस योग्य असा एमसीबी, तीस मिलिअँपिअरच्या गळतीलाही वीज तोडणारा आरसीसीबी आणि प्रत्यक्ष मोजून पाहिलेलें अर्थिंग, या चार गोष्टींत तडजोड नाहीं. परवानगी येईपर्यंत खिडकींतून एक्स्टेन्शनची वायर खालीं सोडणारे लोक महिना वांचवितात आणि साऱ्या इमारतीची झोंप गहाण टाकतात.

तेव्हां क्रम उलटा करणें, हेंच या प्रश्नाचें व्यावहारिक उत्तर होय. मोटार दारांत आल्यावर चार्जरचा विचार करूं नये. मोटार नोंदविण्यापूर्वींच बिलावरील मंजूर भार वाचावा, रोजच्या प्रवासाचा हिशेब करून पेटीचा आकार ठरवावा, समितीच्या बैठकीची तारीख विचारून तिच्या आधीं अर्ज द्यावा, आणि वायरमनास बोलावून मीटरपासून मोटारीपर्यंतचें अंतर फीत लावून मोजून घ्यावें. मोटार येण्यास जे आठवडे लागतात, त्यांतच हीं कामें उरकतात. मग ज्या दिवशीं मोटार दारांत येते, त्या दिवशीं विक्रेत्याचा शब्दही खरा ठरतो : सकाळीं वायरमन येतो आणि दुपारच्या चहापूर्वीं पेटीवरचा हिरवा दिवा लागतो.