मांजरीच्या पिसवा आणि कुत्र्याचं औषध

आजचा विषय छोटा आहे, पण यात चूक झाली तर मांजर जिवानिशी जाऊ शकतं.

समजा, बंगळुरूत तुमच्या घरी एक कुत्रा आणि एक मांजर आहे. मांजर सारखं मान खाजवतंय. कपाटात कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या औषधाची उरलेली ट्यूब आहे. मनात येतं, मांजर लहान आहे, दोनच थेंब टाकू. थांबा!

कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याचं यकृत ते मोडून बाहेर टाकतं. मांजरीच्या यकृतात या कामाची काही विकरं फार कमी असतात, म्हणून विष अंगात राहतं आणि मज्जासंस्थेवर चढतं. लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात. पॅरासिटामॉलची गोळीही मांजरीला याच कमतरतेमुळे घातक ठरते. म्हणजे प्रश्न वजनाचा नाही, शरीराच्या घडणीचा आहे.

डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ ही गोचीड मारणारी औषधंही मांजरीला नकोत. फिनेल, डांबराच्या गोळ्या, कापूर, सुगंधी तेलंही नकोत. मांजर अंग चाटतं, त्यामुळे अंगावर पडलेलं सगळं पोटात जातं.

मग काय करायचं? आधी खात्री करा. बारीक दातांच्या फणीनं केस विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. लालसर डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मग पशुवैद्यांकडून वय आणि वजन पाहून मांजरीसाठीचंच औषध घ्या. सेलामेक्टिन किंवा फिप्रोनिल असलेले थेंब सहसा महिन्यातून एकदा, मानेच्या मागे, केस बाजूला सारून थेट कातडीवर टाकतात. तिथे जीभ पोचत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही लावू नका, फक्त फणी वापरा.

"थंडीत पिसवा कमी होतात, तेव्हा औषध बंद करू का?" उत्तरेच्या कडक थंडीत त्यांची वाढ मंदावते. बंगळुरूत मात्र डिसेंबर-जानेवारीतही रात्रीचं तापमान सहसा 15 अंशांच्या आसपास असतं आणि घरात त्याहून जास्त. त्यामुळे इथे बारा महिने औषध चालू ठेवणं बरं.

घरही विसरू नका. अंगावर दिसतात त्या थोड्याच. अंडी, अळ्या, कोश गादीत, सोफ्यात, फरशीच्या फटीत असतात. कोश काही महिने तग धरतात. म्हणून अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, व्हॅक्यूम फिरवा आणि घरातल्या सगळ्या प्राण्यांवर एकाच वेळी, ज्याच्या-त्याच्या औषधानं उपचार करा. कुत्र्याला परमेथ्रिन लावलंच, तर दोन-तीन दिवस मांजरीला त्याच्याजवळ झोपू देऊ नका.

आणि चुकून लागलंच तर? लक्षणांची वाट पाहू नका. कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण यांनी ती जागा धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि औषधाचं वेष्टन घेऊन तडक दवाखाना गाठा. उलटी करवू नका. वेळेत उपचार मिळाले तर बरीच मांजरं वाचतात.

आज एवढं करा: कपाटातली ती ट्यूब काढा आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. भेटू पुढच्या भागात.