रंगीत कागदावरील छायाप्रकाश

पांढऱ्या कागदावर मानवाकृति काढणाऱ्यास कागदाहून उजळ असें कांहींच हातीं नसतें. कपाळावरचा सर्वांत तेजस्वी ठिपका म्हणजे कोरा कागद. बाकीचें सारें शरीर काळें करीत जावयाचें. करड्या, निळ्या किंवा मातकट कागदावर ही अडचण राहत नाहीं. तेथें कागद स्वतःच मधली छटा होऊन बसतो. काळ्या खडूनें सावलींत उतरावें, पांढऱ्यानें उजेडाकडे चढावें, अशा दोन वाटा चित्रकारास मोकळ्या होतात.

आल्ब्रेख्त ड्यूररनें १५०८ सालीं निळ्या कागदावर काढलेले प्रार्थनेचे हात याच रीतीचे आहेत. फ्रँकफुर्टच्या याकोब हेलरसाठीं रंगवावयाच्या वेदीचित्राचा तो पूर्वाभ्यास. त्या वेदीचित्राचा मधला फलक १७२९ सालीं म्युनिकच्या आगींत जळाला. अभ्यास मात्र व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयांत आहे. सावलीच्या बाजूस गडद रेषा, उजेड पडतो तेथें बारीक पांढऱ्या रेषा, आणि या दोहोंमध्यें निळा कागदच त्वचा होतो.

नवशिक्याचा धीर सुटतो तो याच मधल्या जागेंत. कोरा भाग त्यास अपुरा वाटतो. मग तो पांढऱ्यानें सारा उजेड भरून टाकतो, आणि काळें व पांढरें एकमेकांत घासतो. त्यांतून होणारा राखी थर कागदाच्या छटेशीं जुळत नाहीं. कातडी पीठ फांसल्यासारखी दिसते. फ्रेंच चित्रकार प्रूदों (१७५८–१८२३) खुशाल घासत असे. पण त्या थरावर तो शरीराच्या वळणानें पुन्हा रेषा ओढी. तेवढा हात बसेपर्यंत दोन खडूंमध्यें कागदाची पट्टी राखलेली बरी.

दुसरा मोह परावर्तित प्रकाशाचा. हनुवटीखालीं छातीवरून परतलेला उजेड डोळ्यास फार उजळ भासतो. परंतु डोळे किलकिले करून पाहिल्यास तो सावलींतच विरून जातो. तेथें पांढरा खडू लागला कीं गोलाई मोडली. पांढरें लागतें तें फार थोडें : कपाळ, नाकाचा शेंडा, खांद्याचें हाड.

मात्र या पद्धतींत सारा भार कागदावर असतो, आणि निळा कागद उजेडानें विटतो. पुष्कळ जुने निळे कागद आज पिवळट-करडे झाले आहेत. एकहि रेष पुसलेली नसते, तरी मधली छटा ढळल्यानें पांढऱ्याचें तेज निघून जातें. म्हणूनच ड्यूररचे ते हात आल्बर्टिनांत बहुधा अंधारांतच ठेविलेले असतात. मूळ चित्र क्वचित् आणि थोड्या दिवसांपुरतेंच बाहेर येतें.