जुना ट्रॅक्टर सुरू कां होत नाहीं?

आषाढाचे पहिले दोनचार पाऊस मनासारखे पडून गेले, कीं वसईच्या पूर्वेकडील खाचरांत चिखलणीची घाई उडते. रोपें वीतभर वाढलेलीं असतात, लावणीची माणसें ठरलेलीं असतात, पाणी बेताचें साठलेलें असतें. आणि नेमक्या त्याच सकाळीं पडवींतला जुना ट्रॅक्टर किल्ली फिरवतांच 'टक्' असा एकच आवाज करून गप्प बसतो. भोंवतीं जमलेल्यांपैकीं कोणीतरी लगेच निकाल देतो, "बॅटरी गेली, दादा. नवी आणा." नवी बॅटरी येते, कित्येक हजार रुपये जातात, दोनचार दिवस ट्रॅक्टर बरा चालतो आणि पुन्हा एके सकाळीं तोच 'टक्' ऐकूं येतो. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशांतला हा प्रकार होय.

माणसाच्या आजारांत आपण वैद्याला आधीं नाडी पाहूं देतों, मग औषध घेतों. यंत्राच्या आजारांत मात्र औषधापासूनच सुरुवात करतों. आज मला सांगावयाचें आहे तें इतकेंच, कीं हें दुखणें क्रमानें पाहिलें तर अर्ध्या तासांत ओळखतां येतें, आणि त्याचें मूळ पुष्कळदां बॅटरींत नसून तिच्या भोंवतालच्या सांध्यांत असतें.

वसई-विरार म्हटलें, कीं शहरी श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें इमारतींच्या रांगा आणि गच्च भरलेल्या लोकलगाड्या उभ्या राहतात. २००९ मध्यें येथें महानगरपालिका झाली, हें खरें. परंतु पश्चिमेस आगाशी, निर्मळ, भुईगांव या बाजूला केळीच्या, फुलांच्या आणि भाजीपाल्याच्या वाड्या आहेत, आणि पूर्वेस तुंगारेश्वराच्या डोंगराभोंवतीं भातशेती आहे. ट्रॅक्टरचेंहि या रेल्वेमार्गाशीं जुनें नातें आहे. याच मार्गावरील कांदिवली येथें महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनीं १९६३ मध्यें ट्रॅक्टर बनविणारी कंपनी उभारली, आणि तिच्या बी-२७५ या ट्रॅक्टरचें नांव खेडोपाडीं झालें. त्या पिढीच्या ट्रॅक्टरांत संगणक नाहीं कीं नाजूक उपकरणें नाहींत. विजेचा सारा संसार मोजक्या तारांत आटोपलेला असतो. म्हणूनच त्याचें दुखणें घरच्या माणसाला ओळखतां येण्यासारखें आहे.

प्रथम वीज येथें काय काम करते तें पाहूं. पेट्रोलच्या इंजिनाला चालू असेपर्यंत ठिणगी लागते. डिझेल इंजिनाचें तसें नाहीं. त्याच्या नळकांड्यांत दट्ट्या हवेला सुमारें सोळा-सतराव्या हिश्शाइतक्या जागेंत दाबतो. त्या दाबानें हवा इतकी तापते, कीं तींत शिरलेलें तेल आपोआप पेट घेतें. एकदां इंजिन स्वतःच्या बळावर फिरूं लागलें, कीं या जुन्या घडणींत त्याला बॅटरीची गरज उरत नाहीं. विजेची जबाबदारी पहिल्या कांहीं क्षणांची. पण त्या क्षणांत तिला जड इंजिन दाबाविरुद्ध गरगर फिरवावें लागतें. हें काम पूर्वीं माणूस हँडल मारून करी, आणि हँडल उलटलें तर मनगट मोडून घेई. १९१२ मध्यें अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसविला गेला, आणि तेथून हें कष्टाचें काम विजेकडे गेलें.

यावरून निदानाची पहिली पायरी सहज सुचते. किल्ली फिरवल्यावर इंजिन जोरांत फिरतें पण पेट घेत नाहीं, असें असेल तर विजेला दोष देऊं नये. टाकी, गाळणी आणि तेलाच्या नळींत शिरलेली हवा यांचा शोध घ्यावा. इंजिन फिरतच नसेल किंवा कण्हत कण्हत फिरत असेल, तरच विजेच्या वाटेला जावें.

ही वाट दुहेरी आहे. एक मोठी वाट: बॅटरीपासून जाड तारेनें सोलेनॉइडकडे, तेथून स्टार्टर मोटारींत, आणि मोटारीच्या लोखंडी अंगांतून, ट्रॅक्टरच्या सांगाड्यांतून, 'अर्थ'च्या पट्टीनें परत बॅटरीकडे. दुसरी लहान वाट: बॅटरीपासून बारीक तारेनें किल्लीकडे, कांहीं ट्रॅक्टरांत गिअर किंवा क्लच यांच्या सुरक्षेच्या बटनांतून, आणि मग सोलेनॉइडच्या वेटोळ्यांत. वाडींतला पाट ज्यांनीं पाहिला आहे त्यांना हें लगेच उमगेल. मोठी वाट म्हणजे पाट, आणि लहान वाट म्हणजे पाटाचें तोंड उघडणारा माणूस. माणूस आलाच नाहीं तरी पाणी येत नाहीं, आणि पाट तुंबला तरी येत नाहीं. परंतु दोहोंचे उपाय निराळे.

कोणती वाट बिघडली हें कळण्यास महागडें साधन लागत नाहीं. कान आणि पुढचा दिवा पुरे होतात. दिवा लावून किल्ली फिरवावी. दिवा तसाच लख्ख राहिला आणि कसलाच आवाज आला नाहीं, तर लहान वाट तुटली आहे: किल्लीचा स्विच, फ्यूज, सुरक्षेचें बटन किंवा सोलेनॉइडवरील बारीक तार पाहावी. एकच 'टक्' झाला आणि दिवा फारसा मंदावला नाहीं, तर पाटाचें तोंड उघडलें, पण पाणी पुढें गेलें नाहीं. सोलेनॉइडचे आंतले तांब्याचे ठिपके जळले असतील, मोटारीचे कार्बन झिजले असतील, किंवा मोटारीकडे जाणारा सांधा गंजला असेल. दिवा अगदीं मलूल झाला, तर बॅटरी रिकामी आहे, तिच्या टर्मिनलांशीं सांधा खराब आहे, किंवा इंजिन अथवा मोटारच अडकली आहे. 'टकटकटक' असा भराभर आवाज आला, तर सोलेनॉइड ओढला जातो, मोटारीचा भार पडतांच दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, दाब परत येतो आणि तो पुन्हा ओढला जातो. ही खूण दुबळ्या बॅटरीची किंवा सैल टर्मिनलाची. आणि मोटार नुसतीच सूं सूं करीत फिरली पण इंजिन हललें नाहीं, तर वीज ठीक आहे; मोटारीचें दांतचक्र इंजिनाच्या चक्रांत अडकत नाहीं.

आतां बॅटरीची नाडी पाहूं. बारा व्होल्टच्या बॅटरींत सहा घरें असतात, आणि पूर्ण भरलेल्या प्रत्येक घराचा दाब सुमारें २.१ व्होल्ट असतो. म्हणून कांहीं तास विसावलेली बॅटरी मीटरवर १२.६ च्या आसपास दिसली तर ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.९ च्या खालीं गेली तर जवळजवळ रिकामी. घरांचीं झांकणें उघडतां येत असतील, तर हायड्रोमीटर अधिक सांगतो. सगळ्या घरांचें अंक सारखेच खालीं असतील तर बॅटरीला केवळ चार्जिंग हवें आहे. पांच घरें बरीं आणि एकच फार खालीं, असें असेल तर तें घर मेलें, आणि बॅटरी बदलणें प्राप्त आहे. शेवटची कसोटी भाराची. स्टार्टर फिरत असतांना बॅटरीचा दाब ९.५ व्होल्टच्या खालीं जाऊं नये.

मात्र भाराची ही गोष्ट आणखी एका ठिकाणीं लागू होते, आणि सारा घोटाळा तेथेंच होतो. लोक म्हणतात, "दिवा लागतो, भोंगा वाजतो, म्हणजे तारा ठीक आहेत." हें अनुमान चुकीचें आहे. टर्मिनलाखालीं गंजाचा पातळ थर बसून एका ओहमच्या शंभराव्या हिश्शाइतका अडथळा झाला आहे, असें समजा. दिवा चार अँपिअर घेतो. त्या अडथळ्यांत त्याचा दाब एका व्होल्टच्या पंचविसाव्या हिश्शानें उतरतो, आणि डोळ्याला फरकहि दिसत नाहीं. पण स्टार्टर सुरुवातीला दोनशें अँपिअर ओढूं पाहतो. त्याच अडथळ्यावर तेव्हां दोन व्होल्ट खर्ची पडतात, आणि मोटारीच्या वांट्याला उरतें तेवढ्या जोरावर इंजिन फिरत नाहीं. पाटांत पालापाचोळा अडकला तरी घागरभर पाणी झिरपून जातें. सारें शेत भिजवायची वेळ आली, कीं तुंबारा कळतो. नवी बॅटरी दोनचार दिवस चालते तीहि याच कारणानें: तिचा ताजा जोर अडथळ्यावर कशीबशी मात करतो, एवढेंच.

म्हणून सांध्यांची परीक्षा मोटार फिरत असतांनाच घ्यावी. गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा, हातब्रेक लावावा, आणि इंजिन पेट घेऊं नये म्हणून बंद करण्याची दोरी ओढून धरावी. मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, म्हणजे पकडीवर नव्हे, तर खुंटावरच टेकवावी, दुसरी मोटारीच्या मोठ्या टर्मिनलावर, आणि कोणाला तरी किल्ली फिरवूं द्यावी. आंकडा अर्ध्या व्होल्टच्या आंत असला तर ही बाजू निर्दोष. मग ऋण खुंट आणि मोटारीचें अंग यांच्यामध्यें पाहावें. येथें पाव व्होल्टहून फारसें जास्त येऊं नये. आंकडा मोठा आला, तर एकेक सांधा ओलांडीत सुई जवळ आणावी. ज्या सांध्यापाशीं आंकडा एकदम उतरतो, तोच चोर. किल्ली एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक धरूं नये आणि मध्यें मिनिटभर मोटारीला विश्रांति द्यावी, नाहींतर चोर सांपडण्यापूर्वीं मोटार जळेल.

वसईच्या हवेंत असे चोर फार लवकर तयार होतात. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा. हवेंत खार आणि ओल कायमची. ट्रॅक्टर महिनोन् महिने उभा राहतो, आणि 'अर्थ'ची पट्टी जेथें सांगाड्याला बोल्टनें आवळलेली असते तेथें रंगाखालून गंज चढत जातो. ही पट्टी कोणी पाहत नाहीं, म्हणून तिची तपासणी प्रथम करावी. आपल्याकडे थंडीचें निमित्त नाहीं. बॅटरीला छळतो तो उन्हाळा, कारण उष्णतेनें तिचें पाणी आटतें आणि आंतल्या पट्ट्या लवकर झिजतात.

बॅटरी चांगली, सांधे चांगले, तरी ती पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर ती भरणाऱ्याकडे पाहावें. इंजिन मध्यम वेगांत चालत असतांना बॅटरीवर सुमारें १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. न दिसले, तर पट्टा सैल आहे किंवा डायनॅमो काम करीत नाहीं.

येथें एक इशारा दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ट्रॅक्टर अडला, कीं जमिनीवर उभें राहून स्टार्टरच्या दोन टर्मिनलांवर पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर आडवा टेकवायचा, ही युक्ति पुष्कळांना ठाऊक आहे. या युक्तीनें किल्ली आणि सुरक्षेचें बटन दोन्ही टळतात. ट्रॅक्टर गिअरमध्यें राहिला असेल तर इंजिन पेट घेतांच तो पुढें झेपावतो, आणि टेकवणारा माणूस नेमका मोठ्या चाकापुढें उभा असतो. अशा रीतीनें देशोदेशीं माणसें चिरडलीं गेलीं आहेत. वेळ कितीहि घाईची असो, ट्रॅक्टर बैठकीवर बसूनच सुरू करावा. तसेंच, चार्ज होणाऱ्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. तिच्याजवळ विडी, काडी किंवा ठिणगी नसावी. बॅटरी सोडवितांना 'अर्थ'ची तार आधीं काढावी आणि जोडतांना ती शेवटीं लावावी, म्हणजे पाना सांगाड्याला लागून भडका उडत नाहीं.

उपाय निदानाहून सोपा आहे. टर्मिनलांवरील पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावा. तें पाणी घरांत मात्र जाऊं देऊं नये. खुंट आणि पकड घासून लख्ख करावी, 'अर्थ'च्या पट्टीखालचा रंग व गंज खरवडून धातूला धातु भिडवावा, बोल्ट घट्ट आवळावा, आणि मग वरून व्हॅसलीन लावावें. वैशाखाच्या अखेरीस एका दुपारीं हें काम उरकलें, तर चिखलणीच्या सकाळीं रोपें आणि माणसें खोळंबत नाहींत.

शहरांतल्या श्रोत्यांच्या दारांत ट्रॅक्टर नसेल. पण मोटारगाडी असेल, घरांत इन्व्हर्टर असेल. तेथेंहि हाच नियम चालतो: थोड्या भारावर चांगली दिसणारी जोडणी मोठ्या भारावर पारखावी. इतकें करून बॅटरी बदलावी लागलीच, तर खुशाल बदलावी. फक्त तो निर्णय मीटरनें दिलेला असावा, भोंवतीं जमलेल्या मंडळींनीं नव्हे.